लाईन गेली आणि पॅकेजची नोंदवही बिघडली: जागेवर दुरुस्ती, जुनी प्रत की नवं इन्स्टॉलेशन?

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात तीन कॉम्प्युटर आहेत. दोनांवर लिनक्स मिंट, एकावर डेबियन, आणि तिन्हींची देखभाल माझ्याकडे. गेल्या चार पावसाळ्यांत तिन्हींची पॅकेजची नोंदवही, म्हणजे कोणते प्रोग्राम (पॅकेज) बसवले आहेत याची सिस्टीमने ठेवलेली नोंद, बिघडली आणि तिन्ही मशीनवर उपाय वेगळा करावा लागला. तुमच्याकडेही असं झालं असेल आणि कोणती वाट धरावी ते कळत नसेल, तर ही तुलना तुमच्यासाठी आहे. शहरातला मित्र सांगतो, "नवीन टाकून घे, अर्ध्या तासाचं काम." त्याच्या घरी फायबर आहे. आपल्याकडे मोबाईलचा दिवसाला दीड जीबी डेटा आणि कधी जाईल ते सांगता येत नाही अशी विजेची लाईन. हिशेब तिथेच बदलतो.

आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आधी नेमकं काय मोडलं ते पाहा

पहिल्यांदा झालं ते ऑगस्टात, संध्याकाळी. अपडेट चालू होतं, लाईन गेली, यूपीएसची बॅटरी जुनी झालेली, ती दोन मिनिटंही टिकली नाही. लाईन आल्यावर अपडेट पुन्हा लावलं तर एपीटीने, म्हणजे पॅकेज उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रामने, साफ नकार दिला. बाजूला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आलेला पोरगा बसला होता. "भाऊ, आता माह्या फॉर्मचं कसं होईन?" मी ब्राउझर उघडून पाहिला. तो नेहमीसारखा उघडला, आणि फॉर्म त्याच संध्याकाळी भरून झाला.

हे मुद्दाम आधी सांगतो, कारण घाबरून लोक त्याच रात्री डिस्क फॉरमॅट करतात. नोंदवही बिघडली तरी प्रोग्राम सहसा शाबूत असतात. शेत जागेवर आहे, पीक उभं आहे, फक्त सातबारा भिजला आहे. नोंदवही नीट होईपर्यंत नवं काही टाकता येत नाही, जुनं काढता येत नाही आणि सुरक्षेचे अपडेट थांबतात. म्हणून काम महिनाभर लांबवू नये, पण आजची रात्र जायला हरकत नाही.

डेबियन, उबुंटू, मिंट आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स या सगळ्यांची नोंदवही एकाच ठिकाणी असते: /व्हार/लिब/डीपीकेजी या फोल्डरमध्ये. डीपीकेजी म्हणजे एपीटीच्या खाली राहून पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम. त्यातली ‘स्टेटस’ ही साधी मजकुराची फाईल म्हणजे खरा सातबारा. कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती, पूर्ण बसलं की अर्धवट, हे सगळं तिच्यात. ‘इन्फो’ फोल्डरात प्रत्येक पॅकेजची एक ‘.लिस्ट’ फाईल असते, त्या पॅकेजने कुठे कुठे कोणत्या फाइली ठेवल्या त्याची यादी. आणि ‘अपडेट्स’ फोल्डरात मुख्य फाइलीत अजून न चढलेले फेरफार.

काहीही करण्याआधी दोन गोष्टी. एक, ‘डीएफ -एच’ लावून डिस्क भरली आहे का ते पाहा. जागा संपल्यानेही नोंद अर्धवट राहते, आणि जागा न करता दुरुस्ती लावली तर ती दुरुस्तीही अर्ध्यातच अडकते. दोन, हा सगळा डीपीकेजी फोल्डर ‘टार’ने (फोल्डर एका फाइलीत बांधणाऱ्या आज्ञेने) बांधून बाजूला ठेवा. पुढे कितीही चुकलं तरी मग इथपर्यंत परत येता येतं.

‘कुड नॉट गेट लॉक’ (कुलूप मिळालं नाही) असा संदेश असेल तर बहुतेक वेळा काहीच मोडलेलं नसतं. मागे आपोआप चालणारं अपडेट सुरू असतं. चहा पिऊन या. लॉकची फाईल, म्हणजे एका वेळी एकच प्रोग्राम नोंदवहीत लिहील यासाठीची खूण, डिलीट करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण मागे खरंच काम चालू असताना ती काढली तर चांगली नोंदवही आपल्याच हाताने खराब होते.

जागेवर दुरुस्ती

‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ (काम मध्येच थांबलं) असं स्पष्ट लिहून येत असेल तर ही वाट आधी धरा. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी-गेट -एफ इन्स्टॉल’. पहिली आज्ञा उघडून ठेवलेली पण मांडणी न झालेली पॅकेज पूर्ण बसवते, दुसरी एकमेकांवर अवलंबून असलेल्यांचा हिशेब जुळवते. त्या ऑगस्टातल्या मशीनवर दहा मिनिटांत काम झालं आणि नेट जवळजवळ लागलंच नाही, कारण पॅकेज आधीच डाउनलोड झालेली होती.

धोका एकाच जागी आहे. दुसरी आज्ञा काय काय काढणार त्याची यादी दाखवते आणि हो की नाही विचारते. ती यादी वाचा. त्यात दोन-तीन नावं असली तर ठीक. पण तीस-चाळीस पॅकेज, त्यात डेस्कटॉपच काढायला निघाली असेल, तर ‘नाही’ म्हणा आणि पुढच्या वाटेकडे वळा.

इथेच येणारी एक तक्रार अशी असते: अमुक पॅकेजच्या यादीच्या फाइलीत शेवटची ओळ पूर्ण नाही. म्हणजे लाईन गेली तेव्हा ती एक ‘.लिस्ट’ फाईल अर्धी लिहून राहिली. ती फाईल ‘इन्फो’मधून हलवून दुसरीकडे ठेवा. मग डीपीकेजी अडून बसत नाही, या पॅकेजच्या नावावर एकही फाईल नाही असं धरतो आणि फक्त इशारा देऊन पुढे जातो. लगेच ‘एपीटी-गेट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ने तेच पॅकेज पुन्हा बसवा, यादी नवी तयार होते. मात्र पॅकेज आधी काढून मग टाकण्याच्या फंदात पडू नका, विशेषतः ‘लिबसी६’सारखं, ज्यावर जवळजवळ सगळे प्रोग्राम टेकलेले असतात. ते गेलं तर फाइलींची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’सुद्धा चालणार नाही.

जुनी प्रत परत आणणं

माझ्या मते गावाकडच्या माणसासाठी सगळ्यात मोलाची वाट हीच आहे, आणि सगळ्यात कमी लोकांना ठाऊक आहे. दुसरं मशीन, डेबियनचं. त्यावर कोणतीही आज्ञा दिली की ‘पार्सिंग फाईल… स्टेटस निअर लाईन’ आणि पुढे एक आकडा. म्हणजे सातबाराच वाचता येईना. मी ‘लेस’मध्ये (मजकूर नुसता वाचायच्या आज्ञेत) ती फाईल उघडली. सुरुवातीला सगळं नीट: पॅकेजचं नाव, ‘इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड’, आवृत्ती, एक रिकामी ओळ, मग पुढचं पॅकेज. खाली जाता जाता एका पॅकेजच्या वर्णनात वाक्य मध्येच तुटलं आणि तिथून शेवटपर्यंत ^@^@^@^@ यांची, म्हणजे कोऱ्या जागेच्या खुणांची, रांगच रांग. फाइलीची जागा डिस्कवर धरली गेली होती, मजकूर उतरायच्या आत लाईन गेली होती. डीपीकेजी लिहिलेलं लगेच डिस्कवर उतरवून घेतो, त्यामुळे असं क्वचित होतं. पण जुनी, स्वस्त डिस्क "लिहिलं" म्हणून सांगते आणि प्रत्यक्षात लिहायचं बाकी ठेवते.

अशा वेळी त्याच फोल्डरात ‘स्टेटस-ओल्ड’ शोधा, ही शेवटच्या बदलाच्या आधीची प्रत. तीही खराब निघाली तर /व्हार/बॅकअप्समध्ये जा. तिथे ‘डीपीकेजी.स्टेटस.०’ आणि त्यामागे क्रमाने दाबून ठेवलेल्या जुन्या प्रती असतात. सिस्टीम दिवसातून एकदा पाहते, काही बदललं असेल तर नवी प्रत ठेवते, आणि अशा सात प्रती सांभाळते. कोणी सांगितलं नसताना सिस्टीम हे करत असते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं. निवडलेली प्रत आधी शेवटपर्यंत वाचून घ्या, मग ‘स्टेटस’च्या जागी ठेवा आणि ‘डीपीकेजी --ऑडिट’ लावा, ती अर्धवट राहिलेली पॅकेज दाखवते.

आता अडचण. प्रत मंगळवारची आहे आणि बिघाड शुक्रवारचा. मधल्या तीन दिवसांत जी पॅकेज आली ती डिस्कवर आहेत, नोंदीत नाहीत. जुना सातबारा आणला, पण त्यानंतरचे फेरफार राहिले. ते सापडतात /व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग या फाइलीत, तारीख-वेळेसह ओळीने. मंगळवारनंतरची नावं कागदावर उतरवा आणि तेवढीच पुन्हा बसवा. माझ्याकडे अकरा नावं निघाली. शंभर एमबीसुद्धा डेटा लागला नाही.

नेट अजिबातच नसेल तरी ही वाट बंद होत नाही. रीइन्स्टॉलच्या आज्ञेला ‘--प्रिंट-यूआरआयज’ जोडलं तर डाउनलोड न करता फक्त पत्ते छापून येतात. ते पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्याला जा, डेब फाइली (पॅकेजच्या फाइली) उतरवून आणा, /व्हार/कॅशे/एपीटी/आर्काइव्ह्जमध्ये ठेवा. यासाठी एक सवय लावून घ्या: नुसतं ‘एपीटी’ न वापरता ‘एपीटी-गेट’ वापरा. ‘एपीटी’ने पॅकेज बसलं की डेब फाईल आपोआप पुसली जाते, ‘एपीटी-गेट’ ती ठेवतो. आणि या फाइली पुसणारी ‘क्लीन’ची आज्ञा जागेची खरी अडचण असल्याशिवाय देऊ नका. डेटा मोजून वापरणाऱ्यासाठी त्या फाइली म्हणजे कणगीतलं बियाणं आहे.

टाइमशिफ्ट

सिस्टीमची त्या दिवशीची अवस्था जपून ठेवून नंतर तिथे परत नेणारं हे साधन, मिंटवर मिळतंच. आधी चालू करून ठेवलं असेल तर जुनी प्रत आणण्यापेक्षाही हे बरं, कारण नोंदवही आणि प्रोग्राम दोन्ही एकाच दिवसावर परत जातात, मधल्या फेरफारांचा प्रश्नच उरत नाही. नेट लागत नाही. होम फोल्डर मुळात त्यात धरलेला नसतो, त्यामुळे लोकांचे फॉर्म, फोटो जसेच्या तसे राहतात. पण ते आधी चालू असावं लागतं आणि डिस्कवर जागा असावी लागते. आमच्या तिन्हींपैकी एकावरही नव्हतं. आता दोनांवर आहे.

फेडोरा वापरत असाल तर

तिथली नोंदवही आरपीएमची (फेडोराची डीपीकेजीसारखी व्यवस्था), आणि ती डोळ्यांनी वाचता येणारा मजकूर नाही. ‘सुडो आरपीएम --रीबिल्डडीबी’ ही एकच आज्ञा अनुक्रमणिका पुन्हा बांधते. फेडोरा ३३ पासून नोंदवही ठेवायची जुनी पद्धत बर्कली डीबी जाऊन एसक्यूलाइट आलं. बर्कली डीबीच्या काळात ही आज्ञा वारंवार द्यावी लागायची. सोपेपणात ही बाजू वरचढ आहे. मात्र मूळ माहितीच गेली असेल तर ती आज्ञा काही करू शकत नाही, आणि फाईल उघडून तुटलेली ओळ पाहायची डेबियनसारखी सोय नाही. मशीन चालू ठेवण्यापुरता विचार केला तर मला डेबियनकडचा साधा मजकूर जास्त जवळचा वाटतो.

नवं इन्स्टॉलेशन कधी

मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची फाईल, साधारण ३ जीबी, म्हणजे दोन दिवसांचा डेटा. उबुंटू २४.०४ ची ६ जीबीच्या घरात. डेबियनची नेटइन्स्ट लहान, पण उरलेलं ती इन्स्टॉल करतानाच नेटवरून ओढते. त्यावर अपडेट वेगळे. आणि खरा वेळ खातात त्या पुढच्या गोष्टी: प्रिंटरचा ड्रायव्हर, स्कॅनर, मराठी कीबोर्ड, फॉन्ट. सेवा केंद्र चालवत असाल तर डिजिटल सहीचं टोकन चालतं करण्यातच अख्खा दिवस जातो. अर्ध्या तासाच्या कामाचे आपल्याकडे दोन-तीन दिवस होतात. पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात हे करायला घेऊ नका.

तरीही कधीकधी तेच बरोबर असतं. ‘स्टेटस’, ‘स्टेटस-ओल्ड’ आणि बॅकअपमधल्या सगळ्या प्रती गेल्या असतील, किंवा अख्खा ‘इन्फो’ फोल्डरच रिकामा झाला असेल, तर जुळवाजुळवीत आठवडा घालवू नका. अशा वेळी कोणती पॅकेज होती ते /यूएसआर/शेअर/डॉकमधल्या फोल्डरांच्या नावांवरून बरंचसं कळतं. ती यादी काढा, होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि नवं टाका. होमचं पार्टिशन वेगळं असेल तर इन्स्टॉल करताना ते फॉरमॅट होणार नाही हे दोनदा तपासा.

आमचं तिसरं मशीन याच वाटेने गेलं. त्यावर मी जुनी प्रत आणली, सगळं जुळलं, आठ दिवसांनी नोंदवही पुन्हा बिघडली. परत आणली, परत बिघडली. तेव्हा कुठे ‘डीमेसेज’ (सिस्टीमचे आतले संदेश दाखवणारी आज्ञा, टाइप करताना dmesg) पाहिलं, तर डिस्क वाचताना येणाऱ्या चुकांच्या ओळी भरलेल्या. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’मध्ये पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा रोज वाढत होता. हे मी पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. डिस्क मरायला लागली असेल तर वरची कोणतीच दुरुस्ती टिकत नाही, उलट प्रत्येक प्रयत्नाने डिस्कवर आणखी ताण पडतो. आधी होम फोल्डर बाहेर काढला, पांढरकवड्याहून एक छोटी एसएसडी आणली आणि मिंट नवं टाकलं. यूपीएसची बॅटरीही तेव्हाच बदलली.

आता शनिवारी वाचनालय बंद करण्याआधी तिन्ही मशीनचे /व्हार/बॅकअप्स फोल्डर एका पेनड्राइव्हवर उतरवतो. तो पेनड्राइव्ह देवघेवीच्या रजिस्टरासोबत कपाटात असतो.