स्पॅमसाठी वेगळा फोल्डर: वापरकर्त्याच्या संगणकावर, सर्व्हरवर की सामाईक क्वारंटाइनमध्ये?

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या पन्नास-शंभर मेलबॉक्सच्या कंपनीला स्पॅम ओळखणारी चांगली साधने आज फुकट उपलब्ध आहेत. खरा निर्णय त्यापुढचा असतो: ओळखलेले मेल ठेवायचे कुठे आणि ते पाहायचे कोणी? यासाठी तीन मार्ग आहेत. सर्व्हरने मेलवर फक्त खूण करावी आणि तो बाजूला काढण्याचे काम आउटलुक किंवा थंडरबर्डमधील नियमावर सोडावे, हा पहिला. सर्व्हरनेच तो त्या व्यक्तीच्या जंक फोल्डरमध्ये टाकावा, हा दुसरा. आणि सर्वांचे संशयित मेल एकाच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे मेलबॉक्सबाहेरच्या वेगळ्या साठ्यात, अडवून ठेवावेत, हा तिसरा. पुढील विवेचनात पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारे सॉफ्टवेअर) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारे सॉफ्टवेअर) ही सर्रास वापरली जाणारी जोडी गृहीत धरली आहे.

तिन्ही मार्गांचा पाया एकच आहे. गाळणी, म्हणजे स्पॅम ओळखणारे सॉफ्टवेअर, प्रत्येक मेलला गुण देते; गुण जितके जास्त, तितका स्पॅमचा संशय अधिक. स्पॅमॲसॅसिन या गाळणीत 5 गुण झाले की मेल स्पॅम ठरतो आणि त्याच्या हेडरमध्ये (मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदींत) तशी नोंद होते. आरस्पॅमडी या दुसऱ्या गाळणीच्या मूळ मांडणीत 4 गुणांवर मेल काही काळ थोपवला जातो, 6 गुणांवर स्पॅमचा हेडर जोडला जातो आणि 15 गुणांवर तो स्वीकारण्यासच नकार दिला जातो.

पहिला मार्ग उभारायला सर्वांत सोपा असला, तरी तो निवडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आउटलुकमधला असा नियम आउटलुक चालू असेपर्यंतच काम करतो. संगणक बंद करून घरी गेलेल्या माणसाच्या फोनवर रात्रभर सगळा कचरा इनबॉक्समध्येच दिसत राहतो. शिवाय संगणक बदलला की नियम पुन्हा बसवावा लागतो, आणि तो बसवायचा राहिला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या मार्गात डव्हकॉटचे पिजनहोल हे जोडसाधन सिव्ह या मेल-नियम लिहिण्याच्या भाषेतील छोटी स्क्रिप्ट चालवते. ‘स्पॅमचा हेडर असेल तर मेल जंकमध्ये ठेव’ एवढाच तिचा आशय असतो आणि काम सर्व्हरवर होत असल्यामुळे फोन, लॅपटॉप आणि वेबमेल या तिन्ही ठिकाणी एकच चित्र दिसते. मात्र ही स्क्रिप्ट वापरकर्त्याच्या स्वतःच्या नियमांआधी चालवायची की नंतर, यावर बरेच अवलंबून असते. ती आधी चालली आणि तिने मेल जंकमध्ये टाकला, तर वापरकर्त्याचे नियम त्या मेलसाठी चालतच नाहीत. म्हणजे एखाद्या पुरवठादारासाठी खरेदी विभागाने वेगळा फोल्डर नेमून दिलेला असला, तरी स्पॅम ठरलेले त्याचे कोटेशन जंकमध्येच जाते. ती नंतर चालवली तर असे मेल वाचतात, पण रजेवर असलेल्या कर्मचाऱ्याचे आपोआप जाणारे उत्तर स्पॅम पाठवणाऱ्यांनाही, आणि बहुतेकदा ज्यांचा पत्ता चोरून वापरला आहे अशा निरपराध लोकांना, जाऊ लागते. त्यामुळे आपल्या सर्व्हरचे नाव काळ्या यादीत जाण्याचा धोका असतो. म्हणून स्क्रिप्ट आधी चालवावी आणि विश्वासू पुरवठादारांची नोंद गाळणीतच करून ठेवावी.

या मार्गाचा सर्वांत मोठा फायदा शिकवणीचा आहे. एखाद्याने मेल इनबॉक्समधून जंकमध्ये ओढला की आयमॅपसिव्हच्या (मेल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवला की सिव्ह स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीच्या) मदतीने तो गाळणीला ‘हा स्पॅम’ म्हणून शिकवता येतो, आणि जंकमधून बाहेर काढला की ‘हा चांगला’ म्हणून. जंकमधून थेट कचरापेटीत टाकलेला मेल मात्र या दुसऱ्या नियमातून वगळावा लागतो. नाहीतर जंक फोल्डर साफ करणारा माणूस नकळत प्रत्येक स्पॅमला चांगल्या वर्तनाचा दाखला देत राहतो. स्पॅमॲसॅसिनची ही शिकाऊ बाजू किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल मिळाल्याशिवाय कामाला लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक अट मात्र कडक आहे. पीओपी3 ही सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याची जुनी पद्धत वापरणाऱ्याला फक्त इनबॉक्स दिसतो. जंक फोल्डर त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. अनेक लहान कार्यालयांत जुने आउटलुक अजूनही पीओपी3 वर जोडलेले असते, आणि तिथे हा मार्ग सुरू केला तर चुकून स्पॅम ठरलेली खरेदीची ऑर्डर कोणालाही न दिसता पडून राहील. सर्वांना आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे फोल्डर दाखवणाऱ्या पद्धतीवर, आणल्याशिवाय या मार्गाला हात लावू नये. फोल्डरच्या नावाचाही असाच गोंधळ होतो. कोणी ‘जंक’ बनवतो, कोणी ‘जंक ईमेल’, कोणी ‘स्पॅम’, आणि एकाच खात्यात असे दोन-तीन फोल्डर तयार होतात. 2011 च्या आरएफसी 6154 या इंटरनेट मानकानुसार सर्व्हरवर त्या फोल्डरला जंकची खास खूण दिली, तर ती मानणारी मेल-ॲप नेमका तोच फोल्डर वापरतात.

तिसऱ्या मार्गात धोकादायक मेल वापरकर्त्यापर्यंत पोहोचतच नाही. बनावट बँक-मेल आणि विषाणू असलेल्या फाइली यांसाठी हेच योग्य आहे. परंतु साध्या जाहिरातींसाठीही तोच उपाय केला, तर कोणाचा मेल सोडायचा हे ठरवण्यासाठी ॲडमिनला इतरांचा पत्रव्यवहार उघडून पाहावा लागतो, आणि तो सुट्टीवर असेल तर निविदेची मुदत टळू शकते. प्रॉक्समॉक्स मेल गेटवेसारखी साधने प्रत्येकाला अडवलेल्या मेलची रोजची यादी पाठवतात. त्यामुळे हा ताण कमी होतो. पण ती यादी रोज वाचणारे थोडेच.

माझी शिफारस मिश्र मांडणीची आहे: मध्यम गुणांचे मेल प्रत्येकाच्या जंकमध्ये, विषाणू आणि उघड फसवणूक क्वारंटाइनमध्ये, आणि अतिशय जास्त गुणांचे मेल दारातच परत. मायक्रोसॉफ्ट 365 चीही मूळ रचना साधारण अशीच आहे. तिथे साधा स्पॅम जंकमध्ये जातो, तर खात्रीने फसवा ठरलेला मेल क्वारंटाइनमध्ये अडतो आणि तो वापरकर्त्याला परस्पर सोडवता येत नाही. दारात नाकारलेल्या मेलबद्दल खऱ्या पाठवणाऱ्याला लगेच सूचना मिळते, त्यामुळे चूक झाली असेल तर तो फोन तरी करतो. मेल स्वीकारून गुपचूप नष्ट करणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावे, कारण त्यात कोणालाच काही कळत नाही.

महाराष्ट्रातील कार्यालयांनी आणखी एक गोष्ट तपासावी. स्पॅमॲसॅसिनमध्ये भाषा ओळखणारा भाग सुरू करून मान्य भाषांत केवळ इंग्रजी ठेवली, तर सहकारी संस्था किंवा ग्रामपंचायतीकडून आलेल्या मराठी मेलचे गुण विनाकारण वाढतात. त्या यादीत मराठी आणि हिंदी जरूर घालावी. सुरुवातीचे काही आठवडे दारातून परत पाठवणे बंद ठेवून सर्व स्पॅम जंकमध्येच जाऊ द्यावा, लेखा आणि खरेदी विभागाला तो फोल्डर रोज उघडायला सांगावे, आणि आपोआप पुसण्याची मुदत 30 दिवसांपेक्षा कमी ठेवू नये.