अवकाश-प्रभाराच्या गणितासाठी जोडून घेतलेला संगणक: रत्नागिरीतील एका दुकानाचा वर्षभराचा अनुभव

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात संगणक जोडून देणारे एक लहान दुकान आहे. गेल्या गणेशोत्सवाआधी तिथून मी ग्राफिक्स कार्ड असलेला एक संगणक करून घेतला आणि वर्षभर एकाच कामासाठी वापरला. दुकानदारांचा पहिला प्रश्न होता, "सर, गेमिंगसाठी की व्हिडिओ एडिटिंगसाठी?" दोन्हीसाठी नाही, असे सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली आणि काम नेमके काय आहे ते शांतपणे ऐकून घेतले. या दुकानाबद्दल लिहावेसे वाटले ते मुख्यतः त्या अर्ध्या तासामुळे.

काम माझ्या एका विद्यार्थिनीच्या एम.एस्सी. प्रकल्पाचे होते. वायूवर अतिजलद लेसरचा स्पंद पडला की अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि त्यांच्या गतिज ऊर्जेवरून ते अणूत किती घट्ट बांधलेले होते हे कळते. आर्गॉनच्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन आले याच्या आलेखात, अशी दोन शिखरे जवळजवळ उभी असतात. त्यांच्यातील अंतर सुमारे ०.१८ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर वापरायचे ऊर्जेचे एकक). मात्र एकाच स्पंदात हजारो इलेक्ट्रॉन सुटले, तर ते एकमेकांना ढकलतात आणि मागे राहिलेले धन आयन त्यांना ओढून धरतात. त्यामुळे शिखरे सरकतात आणि पसरट होतात. यालाच अवकाश-प्रभाराचा परिणाम, म्हणजे स्पेस चार्ज, म्हणतात. सिंक्रोट्रॉन या मोठ्या प्रकाशस्रोत यंत्रात अणूंतून सुटणारे हेच इलेक्ट्रॉन सेकंदाला कोट्यवधी स्पंदांत वाटले जातात; सेकंदाला १,००० स्पंद देणाऱ्या लेसरमध्ये मात्र ते मोजक्या स्पंदांत कोंबले जातात.

आकड्यांत पाहिले तर अडचण लगेच ध्यानात येते. १० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन एका पिकोसेकंदात (सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात) सुमारे १.९ मायक्रोमीटर जातो. म्हणजे १०० मायक्रोमीटर त्रिज्येच्या ढगाच्या केंद्रापासून काठापर्यंत यायला त्याला पन्नासहून अधिक पिकोसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात जड आयन जवळजवळ जागचे हलत नाहीत. त्या गोलात १०,००० आयन उरले, तर काठावरून सर्वांत शेवटी निसटणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा सुमारे ०.१४ इलेक्ट्रॉनव्होल्टने घटते. हा आकडा आर्गॉनच्या दोन शिखरांमधील अंतराच्या अगदी जवळ जातो. पंप-प्रोब प्रयोगात तर अधिकच जपावे लागते; त्यात पंप हा एक स्पंद रेणूत हालचाल सुरू करतो आणि ठरावीक विलंबाने येणारा प्रोब हा दुसरा स्पंद ती तपासतो. प्रोब स्पंद पंपाच्या ५० पिकोसेकंद आधी आला, तरी पंप येईपर्यंत त्याचे इलेक्ट्रॉन शंभर मायक्रोमीटरही दूर गेलेले नसतात, आणि पंपाने निर्माण केलेला प्रभार त्यांना गाठतो. विलंबानुसार बदलणारे हे सरकणे रेणूच्या अंतर्गत हालचालीचे लक्षण समजले गेले, तर प्रयोगाचा निष्कर्षच चुकतो. म्हणून त्याचे गणित वेगळे करून ठेवावे लागते.

हे गणित कणागणिक करायचे तर ५०,००० इलेक्ट्रॉन आणि तितकेच आयन घेतल्यावर प्रत्येक कालटप्प्याला सुमारे ५०० कोटी जोड्यांचे बल काढावे लागते. या कामात संगणकाने निराश केले नाही. वेगवेगळ्या विलंबांची मालिका संध्याकाळी लावली की दुसऱ्या दिवशी सकाळी वर्णपट तयार असत. पहिल्या खेपेस सगळी शिखरे जवळपास दीड इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली आली, तेव्हा यंत्रावर संशय घेण्याचे कारण नव्हते. प्रत्येक इलेक्ट्रॉन आम्ही स्वतःच्याच आयनापासून एक नॅनोमीटरवर सोडला होता, आणि तेवढ्या अंतरावर १.४४ इलेक्ट्रॉनव्होल्टचे आकर्षण असते. आयनीभवन ऊर्जेत ते आधीच धरलेले असल्याने त्या जोडीचे बल वगळले, आणि शिखरे जागेवर आली.

तक्रार एकच आहे, पण ती महत्त्वाची आहे. घरगुती वापराच्या ग्राफिक्स कार्डांत दुहेरी अचूकतेच्या (प्रत्येक संख्या दुप्पट बिटांत साठवून केलेल्या) गणिताचा वेग एकेरीच्या कित्येक पटींनी कमी असतो, अनेक कार्डांत तर चौसष्टावा भाग. ही गोष्ट विक्रीच्या वेळी मला कोणी सांगितली नाही. अगदी जवळ येणाऱ्या कणांची पडताळणी दुहेरी अचूकतेने करावी लागते, आणि जे काम एकेरीत काही मिनिटांचे, त्याला तिथे तास लागतात. दुकानदारांनी ही उणीव मान्य केली, सबबी सांगितल्या नाहीत.

बाकी सेवा उत्तम म्हणावी अशी आहे. आमच्याकडची खारी, दमट हवा लक्षात घेऊन त्यांनी पंख्यांना धुता येणाऱ्या जाळ्या बसवल्या, आणि दर तीन महिन्यांनी पेटी उघडून जोडण्या तपासण्याचे ठरवून दिले. तसे ते स्वतः येऊनही गेले. आषाढात वीज दिवसातून चार-पाच वेळा जाते. अर्ध्या तासाचा यूपीएस घ्या, हा त्यांचा आग्रह मला सुरुवातीला विक्रीचा भाग वाटला होता, पण तेवढ्या वेळात चालू गणिताची अवस्था जतन करून यंत्र बंद करता येते. त्यामुळे एकही रात्र वाया गेली नाही.

दिवाळीनंतर दुसरे कार्ड घेण्याचा विचार आहे. या वेळी दुहेरी अचूकतेचा वेग लेखी मागितला आहे, आणि दुकानदारांनी तो उत्पादकाकडून मिळवून देण्याचे कबूल केले आहे. उत्तर आले की या अभिप्रायात भर घालीन.