जुनी सीएनजी की जुनी डिझेल? आमच्या घरी लागलेला निकाल

महिन्याला तीनशे-चारशे किलोमीटर गाडी फिरवणाऱ्याने हे वाचण्यात वेळ घालवू नये. त्याने एखादी कमी चाललेली जुनी पेट्रोल गाडी बघावी, ई-२० बद्दल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, अधूनमधून कुरकुर करावी आणि सुखाने राहावं. मी लिहितोय ते ज्यांचं रनिंग हजाराच्या पुढे आहे, ज्यांना नव्या गाडीचा हप्ता नकोय आणि जे रात्री जेवणं झाल्यावर जाहिराती चाळत 'सीएनजी घेऊ की डिझेल' असं विचारून घरच्यांचं डोकं खातात, त्यांच्यासाठी. मीही खाल्लंय.

माझा शोध सुरू झाला एप्रिल २०२२ मध्ये. तेव्हा मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैसे आणि डिझेल १०४ रुपये ७७ पैसे होतं. आम्ही पुण्याकडचे लोक त्याच्या थोडं मागेपुढे. त्याच महिन्याच्या एक तारखेला राज्य सरकारने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि मुंबईत किलोचा भाव ६० रुपयांवर आला. मग काय, जो तो सीएनजीच्या मागे. कंपनी फिटेड, म्हणजे कारखान्यातूनच सीएनजी किट बसवून आलेल्या वॅगनआरची जाहिरात सकाळी दिसली की संध्याकाळपर्यंत गायब. एक एजंट तर मला फोनवर म्हणाला, "साहेब, आधी टोकन टाका, मग बघायला या." अहो, भाजीवालासुद्धा भेंडीचं टोक मोडून बघू देतो.

त्या घाईत मी गाडी घेतली नाही, याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही, बँकेत पडून असलेल्या एका न मोडलेल्या एफडीला आहे. ती मोडेपर्यंत चित्र पालटलं. साठचे वाढत वाढत नोव्हेंबरात साडेएकोणनव्वद झाले. नंतर भाव थोडे उतरले, पुन्हा चढले. मी हिशेब मांडला तेव्हा आमच्याकडे सीएनजीचा किलो आणि डिझेलचा लिटर, दोन्ही नव्वदीच्या आसपास घुटमळत होते. म्हणजे फरक उरला तो फक्त एका किलोत किती पळते आणि एका लिटरात किती, एवढाच.

याच काळात मेव्हण्याला कंपनीने दोन महिन्यांसाठी चेन्नईला पाठवलं. "दाजी, गाडी उभी राहून बॅटरी उतरेल, तुम्हीच चालवा," म्हणून २०१९ ची सीएनजी वॅगनआर माझ्या दारात लावून गेला. फुकटात दोन महिन्यांची टेस्ट ड्राइव्ह! घरापासून ऑफिस जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटर, सगळं सिग्नल आणि उड्डाणपुलांचं राज्य.

चांगलं ते आधी सांगतो. गाडी शांत. ट्रॅफिकमध्ये पायाला त्रास नाही, क्लच लोण्यासारखा. बसायला उंच, त्यामुळे चढउतार सोपी. किलोला मला शहरात चोवीसच्या आसपास मिळत होते, एसी लावून. गाड्यांचं मायलेज तपासणाऱ्या एआरएआय संस्थेचा आकडा याहून बराच वर आहे, पण तो कोथरूडच्या टेकडीवर, प्रयोगशाळेतल्या रोलरवर निघतो. टेकडी उतरून आपण नळस्टॉपच्या सिग्नलला लागलो की त्याचा आणि आपला संबंध संपतो. चढावर एसी लावला की गाडी जरा दमते, खंबाटकीला मी दोनदा बटण दाबून पेट्रोलवर घेतली. पण हे काही कुणाला न परवडण्यासारखं नाही. डिकी सिलिंडरने खाल्लेली असते, हेही सगळ्यांना माहीत आहे. आंब्याच्या पेट्या मागच्या सीटवर ठेवायच्या, संपलं.

रांगेचंही मी मनाला लावून घेतलं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं जायची. मी त्या वेळात फोन उरकायचो.

मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यायचं होतं. पहिल्या दिवशी वाटेत गॅस भरायला थांबलो. गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं नाही, सगळ्यांनी उतरायचं, हा नियम. आणि योग्यच नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पंपावरचा पोरगा म्हणाला, "आजी, खाली उतरावं लागेल." आधी वॉकर काढायचा, तो उघडायचा, मग आईने दोन्ही हात त्यावर टेकवून आधी चांगला पाय खाली, मग ऑपरेशनचा. मग पाच पावलं चालून हवा भरायच्या मशीनपाशी उभं राहायचं, कारण सावली तेवढीच. गॅस भरून झाला की हेच सगळं उलट्या क्रमाने. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो. तो वाईट नसतो, त्यालाही धंदा असतो. तिसऱ्या वेळी त्या पोराने आतून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, तेव्हा आईला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी चपला घालायच्या आधी तिने विचारलं, "गॅस भरायचाय का आज?"

"भरायचाय."

"मग मी रिक्षाने जाते."

रिक्षाही सीएनजीवरच चालते. पण रिक्षावाला सवारी घेऊन रांगेत लागत नाही, एवढं तिला बरोबर कळत होतं.

आता कुणीही म्हणेल, एकटा असताना भरून ठेवायचा ना. म्हणायला सोपं आहे. टाकीत आठेक किलो मावतो, पण तो प्रेशर चांगलं असेल तेव्हा. दुपारी-संध्याकाळी पंपावर गर्दी झाली की प्रेशर पडतं आणि पाच-साडेपाच किलोवरच काटा थांबतो. पाच किलो म्हणजे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी पंप. काही पंपांना थेट पाइपलाइन असते, काहींना ट्रकवर लादलेल्या सिलिंडरांच्या जुडीतून गॅस येतो. ट्रक अडकला की दोरी बांधून 'सीएनजी नाही'. माझ्या वाटेवरचा पंप दुसऱ्या जातीचा होता. कधी भरायचा हे मी ठरवत नव्हतो, पंप ठरवत होता. पेट्रोलवर चालवता येते, हो, पण मग सीएनजी गाडीचे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

मेव्हणा परत आल्यावर किल्ली त्याच्या हातात दिली आणि डिझेल बघायला लागलो.

मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बनवणंच थांबवलं, त्यामुळे जुन्या बाजारात जे आहे तेच आहे, नवीन माल येणार नाही. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पहिल्या पिढीची अर्टिगा, या सगळ्यांत तेच १.३ लिटरचं मूळचं फियाटचं इंजिन. टाटांच्या व्हिस्टा-मांझातही तेच, आणि आपल्या रांजणगावातही ते वर्षानुवर्षं बनत होतं. याचा फायदा असा की सातारा असो की सावंतवाडी, गल्लीतल्या मेकॅनिकलाही ते झोपेत उघडता येतं. शिवाय बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या निकषातलं असल्यामुळे त्यात डीपीएफची, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरची भानगड नाही. नव्या बीएस-६ डिझेलमध्ये तो फिल्टर असतो आणि नुसतं शहरात हळूहळू चालवलं तर काजळीने चोंदतो. रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्याने बीएस-६ डिझेलच्या वाटेला न गेलेलंच बरं.

मी २०१७ ची स्विफ्ट घेतली, अठ्ठ्याऐंशी हजार चाललेली, एका बँकेतल्या साहेबांकडून थेट. दोष सांगतो. दोन हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) खाली हे इंजिन झोपलेलं असतं आणि वर गेलं की एकदम मागून कुणी ढकलल्यासारखं पळतं. कुंभार्लीच्या वळणांवर गिअर कधी पाडायचा हे अंगवळणी पडायला मला दोन फेऱ्या लागल्या. ट्रॅफिकमध्ये क्लच जड; बायको आजही म्हणते, वॅगनआर बरी होती. सकाळी सुरू केली की पहिल्या मजल्यावरच्या काकूंना कळतं मी निघालो ते. आणि सहा महिन्यांत क्लच प्लेट बदलावी लागली. आधीच्या साहेबांना क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असावी, पेडलचं रबर एका बाजूने गुळगुळीत झालेलं मी बघितलं होतं आणि तरी दुर्लक्ष केलं. तुम्ही करू नका.

पैशाचा हिशेब माझ्या वहीतला आहे, काट्यावर तोलू नका. शहर आणि हायवे धरून मला लिटरला सरासरी वीस मिळतात, म्हणजे किलोमीटरला साडेचार रुपये. वॅगनआरला पावणेचार पडत होते. फरक बारा आणे. महिन्याला बाराशे किलोमीटर धरले तर नऊशे रुपये मी जास्त घालवतो, वर डिझेलच्या सर्व्हिसिंगला ऑइल जास्त लागतं ते वेगळं. हा तोटा खरा आहे, लपवत नाही. पण आईच्या रिक्षेचे महिन्याला याच्या दुपटीच्या आसपास होत होते. आणि आता महिन्यातून दोनदा टाकी भरतो, एकटाच, रात्री साडेनऊला, पंपावर चिटपाखरू नसताना.

'डिझेलवर बंदी येणार ना?' हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला जातो. दहा वर्षांचा जो नियम आपण ऐकतो, तो दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी आणि हरित कर भरून वाढवता येते. पुढे काय होईल हे मी ज्योतिषी नसल्यामुळे सांगत नाही, पण २०१७ ची गाडी २०३२ पर्यंत कागदोपत्री धडधाकट आहे. त्या दिल्लीच्या नियमामुळेच तिकडच्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात दिसतात. 'डीएल पासिंग, एकदम मख्खन' असं वाचून भुलू नका. एनओसी आणा, इथे नव्याने नोंदणी करा, महाराष्ट्राचा एकरकमी कर भरा, आरटीओत खेटे घाला. एवढं करून स्वस्ताई किती उरते ते आधी मांडून बघा.

डिझेल बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर चहा प्या आणि निघा. डिझायर असेल तर ती पूर्वी पिवळ्या पाटीची नव्हती ना, हे आरसी आणि विम्याच्या जुन्या कागदांवरून बघा. मीटर मागे फिरवता येतं, पण हजारो पॅसेंजर बसून दबलेली मागची सीट फुगवता येत नाही. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही विचारा, नाहीतर ते काम तुमच्या गळ्यात.

सीएनजीच घ्यायची असेल, आणि अनेकांनी तीच घ्यावी असं मला खरंच वाटतं, तर आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजी लिहिलंय का ते आधी बघा. बाहेरून किट बसवून नोंद न केलेल्या गाड्या फिरतात, विम्याच्या वेळी त्या रडवतात. सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे का, प्लेटवरची तारीख वाचा. आणि गाडी दहा मिनिटं पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलची टाकी वर्षभर कोरडी ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी बघायच्या आधी तुमच्या वाटेवरचा पंप बघा. संध्याकाळी सात वाजता तिथे जाऊन अर्धा तास नुसते उभे राहा. पाइपलाइनचा पंप असेल, रोज साठ-सत्तर किलोमीटर एकट्याने जाणं-येणं असेल, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल नसेल, तर वर्षाला पंधरा-वीस हजार वाचतील आणि माझा सगळा युक्तिवाद तुम्हाला लागूच नाही. मेव्हण्याचं तेच आहे. तो खूश आहे. फक्त गणपतीला कोकणात जायचं झालं की माझ्या स्विफ्टची चौकशी करतो.

मागच्या महिन्यात सोसायटीच्या गेटवर एक मुलगा थांबला. कुठल्याशा शोरूमसाठी जुन्या गाड्या गोळा करत फिरत होता. नंबरप्लेट बघून म्हणाला, "काका, डिझेल आहे ना? विकताय?" मी सहज भाव विचारला. तीन वर्षांपूर्वी मी जे मोजले होते त्यापेक्षा जेमतेम चाळीस हजारांनी कमी सांगितला, गाडी न उघडता. मी नाही म्हणालो, तर वायपरखाली कार्ड खोचून गेला. आई मागच्या सीटवर बसलेली होती, काच खाली करून तिनेच ते काढलं आणि वाचून माझ्याकडे दिलं.