टायटॅनियम, टँटलम की टंगस्टन कार्बाइड? सोन्यापलीकडची लग्नाची अंगठी निवडताना

सोन्याच्या अंगठीची एक सोय कुणी बोलून दाखवत नाही, कारण ती गृहीतच धरलेली असते. बोट जाड झाले की अंगठी कापायची, मध्ये तुकडा घालायचा, झाळायची आणि घासून चकचकीत करायची. टायटॅनियम, टँटलम, झिर्कोनियम, टंगस्टन कार्बाइड या मंडळींत ही सोय कुठे अर्धीमुर्धी मिळते, कुठे अजिबात नाही. म्हणून या धातूंची तुलना रंगापासून सुरू केली की फसगत होते. आधी दोन प्रश्न विचारायचे: माप बदलले तर काय, आणि बोट सुजून अंगठी अडकली तर ती निघणार कशी? वजन, रंग आणि चरे हे सगळे त्यानंतर.

हातातले वजन

तुलनेसाठी एकच सपाट अंगठी धरू: आतला व्यास १८ मिमी, रुंदी ६ मिमी, जाडी २ मिमी. तिचे घनफळ पाऊण घन सेंटिमीटर भरते. टायटॅनियममध्ये ती साधारण ३.४ ग्रॅमची होईल, झिर्कोनियममध्ये ४.९, स्टेनलेस स्टीलमध्ये ६, निओबियममध्ये ६.५, ९५० पॅलेडियममध्ये (हजारात ९५० भाग पॅलेडियम) ९, टंगस्टन कार्बाइडमध्ये ११ च्या थोडी वर आणि टँटलममध्ये १२.५. याच मापात १८ कॅरट पिवळे सोने साडेअकरा ग्रॅमच्या आसपास जाते, तर प्लॅटिनम साडेपंधरा. सोन्याचा भार आवडणाऱ्याला टायटॅनियमची अंगठी प्लॅस्टिकची वाटते. उलट, ज्याने कधी अंगठी घातलीच नाही त्याला तीच सगळ्यात लवकर अंगवळणी पडते.

टायटॅनियम

दोन प्रकार मिळतात. ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम, मऊसर. ग्रेड ५ मध्ये सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. तो बराच कठीण असतो आणि चकाकी जास्त दिवस धरतो. ‘विमानात वापरतात ते टायटॅनियम’ या जाहिरातीने काहीच कळत नाही. ग्रेडचा आकडा विचारावा. दोन्हींत काहींना ॲलर्जी करणारे निकेल नसते, घाम किंवा पोहण्याच्या तलावातले क्लोरीन यांचे त्यांना काही वाटत नाही. चरे मात्र पडतात, म्हणून आरशासारख्या पॉलिशपेक्षा बारीक रेघांचा मॅट पोत घ्यावा. तो घरीसुद्धा स्कॉच-ब्राइटने पुन्हा काढता येतो.

माप बदलण्यात अडचण आहे. तापलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेते आणि पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्यामुळे सोनाराच्या ज्योतीवर ते झाळता येत नाही. आर्गॉन वायूच्या आवरणात वेल्डिंग होते, पण ती सोय असणारे कारागीर थोडे. लेथवर आतून धातू काढून अंगठी थोडी मोठी करता येते: २ मिमी जाडीतून पाव मिमी कोरले तर व्यास अर्धा मिमी वाढतो. लहान करणे विसरावे.

‘टायटॅनियम कापताच येत नाही, वेळ आली तर बोट कापावे लागते’ ही निव्वळ अफवा. हाताने फिरवायचा साधा रिंग-कटर त्यावर दमतो आणि त्याचे पाते बोथट होते, एवढे खरे. मोटरवर चालणाऱ्या हिऱ्याच्या चाकाने ते कापते. घर्षणाने अंगठी तापते म्हणून पाण्याची धार धरावी लागते, आणि धातू इतका ताठ असतो की एका कापाने ती फाकत नाही. समोरासमोर दोन काप द्यावे लागतात.

टायटॅनियम किंवा निओबियमवर दिसणारे निळे-जांभळे रंग हे रंग नव्हेतच. विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पारदर्शक थर वाढवतात, आणि थराच्या जाडीनुसार प्रकाशाचा रंग बदलतो. व्होल्टेज वाढवले की रंग पुढे सरकतो. ऑस्ट्रियाच्या टाकसाळीने २००३ पासून काढलेल्या २५ युरोच्या नाण्यांत मधला रंगीत भाग निओबियमचा आहे तो याच पद्धतीचा. नाणे डबीत राहते, अंगठी दाराच्या मुठीला रोज घासते. तेव्हा असा रंग हवाच असेल तर बाहेरच्या खाचेत किंवा आतल्या बाजूला घ्या.

टंगस्टन कार्बाइड

हा धातू नाही. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाची पूड कोबाल्ट किंवा निकेलच्या बंधकाबरोबर (कण धरून ठेवणाऱ्या धातूबरोबर) दाबून, भट्टीत भाजून घट्ट केलेली असते. ड्रिलच्या टोकांना वापरतात तेच सामान. त्यामुळे ‘चरा पडत नाही’ हा दावा जवळजवळ खरा आहे. हिरा किंवा कुरुंद सोडला तर रोजच्या वापरातले फारसे काही त्याला ओरखडत नाही. बऱ्याचदा त्यावर दिसणारी करडी रेघ म्हणजे चरा नसून दुसऱ्याच मऊ धातूचा लेप असतो, कागदावर पेन्सिल उमटावी तसा. घासली की जाते.

कठीणपणाची किंमत ठिसूळपणात मोजावी लागते. फरशीवर वाईट कोनात पडली तर ती तडकू शकते. माप बदलणे अशक्य, मोठेही नाही आणि लहानही नाही, त्यामुळे विक्रेता नंतर माप बदलून नवी अंगठी देतो का हे लेखी घ्यावे. काढण्याचा मार्ग मात्र सोपा. लॉक होणारी पकड अंगठीवर बेताने बसवायची, सोडायची, स्क्रू अगदी थोडा आवळून पुन्हा दाबायची, असे अंगठीला तडा जाईपर्यंत. तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि बोटावर कापड हवे.

दोन गोष्टी हमखास निसटतात. एक, बंधक कोणता ते विचारा. कोबाल्टचा बंधक घामाने हळूहळू झिजून निघतो, अंगठी काळवंडते आणि कातडीला खाज सुटू शकते. निकेलचा बंधक गंजाला जास्त टिकतो, पण निकेलची ॲलर्जी असणाऱ्याने तोही टाळावा. दोन, शेजारच्या बोटात किंवा त्याच बोटात सोन्याची अंगठी असेल तर ही तिला कानसासारखी खात राहते.

काळी अंगठी: तीन नावांचा घोळ

झिर्कोनियम हा धातू, झिर्कोनिया हे त्याचे सिरॅमिक, आणि क्यूबिक झिर्कोनिया म्हणजे हिऱ्याऐवजी बसवायचा खडा. नावे कानाला सारखीच वाटली तरी वस्तू तीन वेगळ्या आहेत.

झिर्कोनियमची अंगठी हवेत तापवली की तिच्याच धातूपासून काळा, कठीण ऑक्साइड वाढतो. काही मायक्रॉन जाडीचा हा थर वरून चढवलेला नसतो, म्हणून सुटून निघत नाही. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांत याच तत्त्वाचा पृष्ठभाग वापरतात. पण खोल चरा पडला की खालचा करडा धातू दिसतो, आणि दुरुस्ती म्हणजे सगळा काळा थर काढून अंगठी पुन्हा भट्टीत घालणे. माप वाढवतानाही हीच वाट. सिरॅमिक अंगठी आरपार काळी असते, तिचा रंग जात नाही. मात्र ती फुटते, आणि काढायची झाल्यास कार्बाइडसारखीच तडकवावी लागते. स्टील किंवा टंगस्टनवर चढवलेला काळा मुलामा या तिघांत सगळ्यात आधी कडेला उडतो. काळीच हवी असेल तर झिर्कोनियम घ्यावे.

टँटलम

टँटलम निळसर-करडे, जड आणि सोन्याजवळच्या भाराचे असते. हाडांत बसवायच्या साधनांत ते वापरले जाते, म्हणजे कातडीची चिंता नाही. ठोकून वाढणारा धातू असल्याने साधी, खडे नसलेली अंगठी निमुळत्या दांड्यावर थोडी ताणून मोठी करता येते. ज्योत मात्र इथेही चालत नाही. शुद्ध टँटलम मऊ आहे, चरे लवकर पडतात. पण ते एकमेकांत मिसळून जुन्या भांड्यासारखी मंद झाक येते. ठोक्यांचा किंवा मॅट पोत घेतला तर हा दोष खटकत नाही. कापायला टंगस्टन कार्बाइडसारखी तोडमोड लागत नाही, कटरने कापते. जड, करडी आणि निर्धास्त अशी एकच अंगठी हवी असेल, तर या यादीत पहिले नाव टँटलमचे.

पॅलेडियम

प्लॅटिनमच्याच कुळातले, पांढरे; पांढऱ्या सोन्याला लागतो तसा ऱ्होडियम या चकचकीत धातूचा मुलामा याला लागत नाही. या आढाव्यात सोन्याच्या सर्वांत जवळ हेच: कापता येते, जोडता येते, माप दोन्ही बाजूंना बदलते, हाताने नक्षी कोरता येते, खड्याचे कोंदण पुन्हा घडवता येते. हे काम करणारा सोनार मात्र पॅलेडियम हाताळलेला असावा. तापवताना ते वायू शोषते आणि मध्यम तापमानाला निळसर-जांभळी झाक धरते. सोन्याच्या सवयीने काम केले तर जोड बिघडतो. आणखी एक, टिंक्चर आयोडीन लागले की पॅलेडियमवर काळा डाग पडतो. जखमेवर ते लावण्याआधी अंगठी काढा.

दिसायला देखणे, सांभाळायला कटकटीचे

लोखंडी उल्केच्या पट्टीची अंगठी मोहात पाडते. नामिबियाची गिबिऑन किंवा स्वीडनची मुओनियोनालुस्ता उल्का कापून आम्लात बुडवली की लोखंड-निकेलच्या पात्यांची आडवीतिडवी जाळी दिसते. अवकाशात लाखो वर्षे सावकाश थंड झाल्यामुळे ती तयार होते. पण आहे ते शेवटी लोखंडच, आणि घामातल्या क्षाराने ते गंजते. निकेलही आहे. म्हणून उल्का फक्त जडकामात, आतून कातडीला टायटॅनियम लागेल अशी घ्यावी. ओली झाली की पुसून मेणाचा हात द्यावा.

मोकुमे-गाने या जपानी पद्धतीत वेगवेगळ्या धातूंचे थर दाबून लाकडासारखा पोत काढतात. त्यात सोन्याशेजारी तांबे किंवा चांदी असेल तर घामात त्यांची छोटी बॅटरीच बनते, आणि तांब्याचे थर आधी खाल्ले जातात. थर निवडताना तांबे वगळा.

पैसे देण्याआधी

०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा मिळाला तर धातू ताडता येतो. आधी कोरडी अंगठी तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, अंगठी दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. आता दिसणारे ग्रॅम म्हणजे अंगठीचे घनफळ. कोरड्या वजनाला त्याने भागा. ४.४ ते ४.५ आले तर टायटॅनियम, ६.५ ला झिर्कोनियम, १५ च्या आसपास कार्बाइड, १६.६ ला टँटलम. जडकाम केलेल्या अंगठीला हा हिशेब लागू पडत नाही.

माप एकदाच घेऊ नका. सकाळ, संध्याकाळ आणि गरमीत असे तीनदा घ्या, आणि ज्या रुंदीची अंगठी हवी त्याच रुंदीच्या नमुना-कड्याने घ्या. ८ मिमीची पट्टी ४ मिमीच्या पट्टीपेक्षा घट्ट वाटते, व्यासात ०.२ ते ०.४ मिमी जास्त लागतो. माप बदलता न येणाऱ्या सामानात ही चूक कायमची राहते.

आत नावे आणि तारीख कोरणारच असाल, तर शेजारी धातूचे नावही कोरून घ्या. सुजलेल्या बोटासमोर उभ्या असलेल्या माणसाला कटर उचलायचा की पकड, हे तिथूनच कळते.