इराक्व नामांची वही: मूळ रूप की जोडरूप?

उत्तर टांझानियातल्या म्बुलू भागातली इराक्व भाषा शिकायला घेतली की नामांची वही दोन तऱ्हांनी ठेवता येते. एक तर कोशातलं मूळ रूप आणि शेजारी लिंगाची खूण. नाहीतर थेट जोडरूप, म्हणजे पुढे विशेषण, संख्या किंवा धनी आला की नामाचं जे रूप होतं ते.

पहिली तऱ्हा शोधायला सोपी. फक्त कोश घेऊन मजकूर वाचायचा असेल, तर ती पुरेशी वाटते.

वाक्य जुळवायला बसलं की मात्र ती खूण अपुरी पडते. 'वाह्लार उर' म्हणजे मोठा अजगर, 'हर्ता हवाता' म्हणजे माणसाची काठी. दोन्ही नामं स्त्रीलिंगी, पण एकाला -र लागला आणि दुसऱ्याला -ता. पुल्लिंगातही -ऊ आणि -कू अशी फूट आहे. फक्त नपुंसकलिंग -आ या एकाच प्रत्ययावर भागतं. नुसत्या 'स्त्री.' या खुणेवरून यातलं काहीच ठरत नाही, आणि पुढे विशेषण, संख्या किंवा धनी आला की हा प्रत्यय लागतोच. शिवाय मराठीत धन्याचं रूप बदलतं (माणसाची काठी), इराक्वमध्ये काठीचं बदलतं आणि माणूस तसाच राहतो. सवयीने आपण प्रत्यय भलत्याच नामाला लावतो. वहीत 'हर्ता' असंच लिहिलेलं असलं की ही चूक बरीच कमी होते. जोडरूपाच्या शेवटच्या स्वरावर उंच सूर येतो, तोही तिथेच खुणेने दाखवावा.

दर्शक प्रत्यय ('हा', 'तो' असं दाखवणारे) चार आहेत: माझ्याजवळचं, तुझ्याजवळचं, लांबचं पण दिसणारं आणि त्याहून पलीकडचं. स्वामित्वाचे प्रत्यय वेगळेच. हे सगळे नामाला लागताना मध्ये लिंगानुसार बदलणारा एक दुवा येतो आणि तो जोडरूपाच्या प्रत्ययाशी मिळताजुळता असतो. त्यामुळे एकदा केलेली नोंद पुन्हा उपयोगी पडते.

अनेकवचनापुढे दोन्ही तऱ्हा सारख्याच हतबल. भाषाशास्त्रज्ञ मार्टेन मौस यांच्या 1993च्या इराक्व व्याकरणात अनेकवचनाचे 14 प्रत्यय दिले आहेत, आणि अनेकवचनाचं लिंग बहुधा एकवचनाहून वेगळं असतं. म्हणून अनेकवचन वेगळ्या ओळीत, त्याच्या स्वतःच्या जोडरूपासह लिहावं. नपुंसकलिंगी कर्त्याबरोबर क्रियापद अनेकवचनी रूप घेतं, म्हणून काही अभ्यासक त्या लिंगालाच 'अनेकवचनी' म्हणतात. तेव्हा लिंग आणि वचन यांचे रकाने वेगळे ठेवलेले बरे.

माझा कल जोडरूपाकडे आहे. मूळ रूप शेजारी बारीक अक्षरात लिहिलं की कोशाची वाटही मोकळी राहते.