पळावं की सायकल काढावी? परतीच्या पावसापासून हुरड्यापर्यंतचा हिशेब

कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या पोरानं परवा विचारलं, "दादा, दसऱ्याला सायकल घ्यावी म्हणतोय. नाहीतर चांगले बूट घेऊन पळायला लागतो. वीसेक हजार बाजूला टाकलेत. काय करू?" संभाजीनगरहून वाळूजची औद्योगिक वसाहत येईपर्यंत मीच बोलत होतो, तरी सांगून झालं नाही. राहिलेलं इथं लिहितो. मी सहा वर्षं दोन्ही करतोय. दोन्हींत बेताचाच आहे, पण दोन्हींत पडून-झडून झालंय.

आधी हवेचं बोलू. शाळेच्या पुस्तकातला शरद ऋतू आपल्याकडं अखंड मिळत नाही, त्याचे तीन तुकडे पडतात. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत परतीचा पाऊस: सकाळी दमट, दुपारी चटका, संध्याकाळी बघता बघता काळं भरून येतं. मग ऑक्टोबरची तलखी, म्हणजे पहाटे १९-२० अंश आणि दुपारी ३२-३३. दिवाळीच्या आसपास वारं फिरतं. नोव्हेंबरात पहाट १५ अंशांवर येते आणि डिसेंबरात १२ किंवा त्याच्याही खाली जाते. या तीन तुकड्यांत पळणं आणि सायकल यांचं पारडं सारखं खाली-वर होतं, म्हणून "कुठलं चांगलं" या प्रश्नाला एका ओळीत उत्तर नाही. मी घरातून निघताना एवढंच बघतो की हवा फिरली तर घर किती लांब असेल. अर्धा तास पळालेला माणूस घरापासून तीन-चार किलोमीटरवर असतो. सायकलवाला तेवढ्या वेळात दहा-बारा किलोमीटर लांब गेलेला असतो.

परतीच्या पावसात यानं फार फरक पडतो. हा पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो आणि विजा घेऊन येतो. संध्याकाळी पडेगावच्या पुढं मोकळ्या रानात सायकलवर असताना गडगडायला लागलं, तर झाडाखाली थांबायचं नाही आणि उघड्यावरही राहायचं नाही. पक्कं बांधकाम शोधायचं, आणि ते नेमकं दोन किलोमीटर मागं राहिलेलं असतं. शिवाय पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल आहे हे चाक आत गेल्यावरच कळतं. रिमवर दाबणारे ब्रेक ओले असले की पकड घ्यायला क्षणभर जास्त वेळ लावतात, आणि तेवढ्यात पुढची रिक्षा थांबलेली असते. डिस्क ब्रेक असतील तर हा त्रास पुष्कळ कमी.

पळणाऱ्याला या दिवसांत त्रास होतो तो काळ्या मातीचा. डांबर सोडून चार पावलं शेतरस्त्याला गेलात की एकेका बुटाला पावशेर गोळा चिकटतो आणि टाच फिरते. म्हणून हे पंधरा-वीस दिवस डांबर, नाहीतर मैदान. विद्यापीठाच्या आवारातून लेण्यांच्या डोंगराकडं चढत जाणारा रस्ता मला त्यासाठी आवडतो. झाडं आहेत, गाड्या कमी आणि चढही बेताचा. उकाड्यानं दम लवकर लागतो, तेव्हा वेग सोडून द्यायचा. ओले बूट उन्हात ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. दुसऱ्या सकाळपर्यंत घालण्यासारखे होतात. या तुकड्यात माझं मत सरळ पळण्याच्या बाजूनं आहे.

पाऊस उघडला की मात्र सायकलीचे दिवस येतात. तलखीत पळताना घाम अंगावरच चिकटून राहतो. सायकल स्वतःच वारा तयार करते, त्यामुळं तीच मेहनत निम्मी वाटते. त्यात एक फसवणूक आहे. घाम लगेच वाळतो म्हणून तहान कळत नाही, आणि घरी आल्यावर बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे दिसतात. दोन तासांना दोन बाटल्या लागतातच, त्यातल्या एकीत लिंबू-मीठ-साखर. चाळीस मिनिटं पळायला निघताना चांगलं पाणी पिऊन गेलात तर हातात काही धरावं लागत नाही.

आता ऑक्टोबरातल्या रस्त्याबद्दल, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. मका आणि सोयाबीन निघालेलं असतं आणि खळ्याची जागा आता डांबरी रस्त्यानं घेतलीय. अर्ध्या रस्त्यावर धान्य पसरलेलं आणि कडेनं राखणीला दगड लावलेले. दोन वर्षांपूर्वी खुलताबादच्या बाजूला समोरून टेम्पो आला म्हणून मी सायकल तशीच मक्यावर घातली. दाणे गोट्यांसारखे सरकले, पुढचं चाक निघून गेलं आणि मी कोपरावर आडवा. दाताळं घेऊन मका हलवणाऱ्या मावशी धावत आल्या. "लागलं का रं? काहून घातली मधात?" मी नाही म्हणालो. कोपरातून रक्त येत होतं ते त्यांनी पाहिलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाल्या, "आता सांडलेला मका लोटू लाग." पंधरा मिनिटं लोटला. त्यांचं वर्षाचं पीक आणि माझी हौस, भांडण कुणाशी करणार? तेव्हापासून धान्य दिसलं की मी उतरून सायकल हातात धरतो. पळणारा कडेनं निघून जातो, त्याला यातलं काही नाही.

दुसरा शत्रू सराटा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचा जो वेल जमिनीला चिकटून पसरतो, त्याचं फळ ऑक्टोबरात वाळतं आणि फुटून त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन मोठे टणक काटे. कसाही पडला तरी एक टोक वर असतंच. गाडीला वाट द्यायला तुम्ही डांबरावरून खाली उतरलात की तो टायरमध्ये गेला म्हणून समजा. बरं, हवा लगेच जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक बसलेलं दिसतं. ट्यूब बदलली तरी काट्याचं टोक टायरमध्ये तसंच राहतं आणि नव्या ट्यूबला भोक पाडतं. टायरच्या आतून बोटानं शोधायला गेलात तर बोटातच घुसेल. कापसाचा बोळा घ्या आणि आतून गोल फिरवा; टोक असेल तिथं कापूस अडकतो. नेलकटरनं उपटून काढा. कापसाच्या मुलखात राहतो, बोळ्याला तरी तोटा नाही. पळणाऱ्याच्या वाट्याला याच दिवसांत कुसळं येतात, मोज्यात घुसून घोट्याला टोचत राहणारी. वैताग आहे, पण त्यापायी कुणी दहा किलोमीटर चालत घरी आल्याचं ऐकलं नाही.

कुत्र्यांचं काय, असं पुष्कळ जण विचारतात. भाद्रपदात ती टोळीनं फिरतात आणि चिडलेली असतात, त्याचं शेपूट ऑक्टोबरातही उरतं. पळणारा थांबून चालायला लागला की बहुतेक वेळा ती शांत होतात. सायकलवाल्याला पाय वर घेऊन जोरात काढायचा मोह होतो, आणि तिथंच तो पडतो. उतरा, सायकल मधे धरा, चालत पुढं जा.

एवढं सगळं असूनही सायकल का घ्यावी, तर त्या एका रविवारसाठी. मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, मग घाट चढून खुलताबाद आणि पलीकडं उतरून वेरूळ; जायला साधारण तीस किलोमीटर. किल्ल्याला ऊन लागायच्या वेळी तुम्ही पायथ्याशी असता, रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या मांडायला सुरुवात झालेली असते. पळून हे माझ्या आयुष्यात झालं नसतं. फक्त एक लक्षात ठेवा, पाऊस गेला की आपल्याकडं वारं पूर्वेकडून, ईशान्येकडून यायला लागतं आणि ऊन वर आलं की वाढतं. गंगापूरच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला निघालात तर जाताना ते पाठीशी असतं आणि आपण फार तयारीचे झालोय असं वाटतं. परतताना कळतं.

थंडी सुरू झाली की पळणारा राजा. १४-१५ अंशांत पहिली दहा मिनिटं कुडकुडायला होतं, पुढं अंगच भट्टी होते. अर्ध्या बाहीचा टी-शर्ट पुरतो. घरातून निघताना थोडं गार वाटलं म्हणजे कपडे बरोबर आहेत. सायकलवर उलटं. वीस-पंचवीसच्या वेगानं तोच गारवा बोटांत शिरतो आणि ब्रेक दाबायला बोटं वळत नाहीत. हातमोजे आणि वारा अडवणारं पातळ जाकीट हवंच. माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही, पातळ रुमाल कानावरून बांधा. खुलताबादहून परत घाट उतरताना चढणीचा घाम अंगावर असतो आणि छातीत गार शिरतं. टपरीवर चहा घेताना कालचं वर्तमानपत्र मागून घ्यायचं आणि जाकिटाच्या आत छातीला लावायचं. जुने सायकलवाले हेच करत आले, आणि याच्याइतकं स्वस्त जाकीट नाही.

या दिवसांत मला खरी काळजी उजेडाची वाटते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सव्वासहाला दिवस उगवतो, डिसेंबरात पावणेसात उलटून जातात. ऑफिस गाठायचं तर दोन तासांची सायकल अंधारातच सुरू करावी लागते, आणि नेमकं तेव्हाच साखर कारखान्यांचं गळीत सुरू झालेलं असतं. गंगापूर, पैठणच्या बाजूला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर धुक्यात उभे असतात. मागं दिवा नाही, कित्येकांना रिफ्लेक्टरही नाही, बाहेर आलेली उसाची टोकं तेवढी तोंडाच्या उंचीला. त्या रस्त्यांवर उजाडायच्या आत मी सायकल नेत नाही, मग भलेही रविवारच मिळो. पळायला पाऊण तास लागतो, तो उजाडल्यावरही सापडतो, नाहीतर दिवे असलेल्या मैदानाला चकरा मारून भागतं. संध्याकाळचं म्हणाल तर नोव्हेंबरात सहाच्या आत सूर्य गेलेला असतो.

शरीराचं थोडक्यात. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. वजन बरंच जास्त असेल किंवा गुडघे आधीच कुरकुरत असतील, तर सायकल घ्या आणि वर लिहिलेल्या सगळ्या कटकटी सोसा. आधी डॉक्टरांना गुडघा दाखवा. पण तो भारच हाडं बळकट करतो, ते काम सायकल करत नाही. वेळेचा हिशेब असा की पाच किलोमीटर पळण्याची मेहनत सपाटीला पंधरा-वीस किलोमीटर सायकलीत भरते.

पैशाचं. तीन-चार हजारांचे बूट पाचशे ते आठशे किलोमीटर चालतात, मग तळ बसतो. बरी सायकल पंधरा हजारांपासून पुढं, आणि वर हेल्मेट, दिवे, पंप, जादा ट्यूब धरलं तर आणखी तीन हजार सहज. वीस हजारांत थोडी भर घातली तर दोन्ही बसतं खरं, पण दोन्ही एकदम सुरू केलेले बहुतेक जण संक्रांतीला घरी बसलेले दिसतात, त्यात मीही होतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांवरून पळायच्या शर्यतीचं, रौप्यपदक आणलं. लहानपणी शाळा सहा किलोमीटरवर होती, तिथं तो चालत नाहीतर पळत जायचा. साधनावाचून अडलं असं म्हणायची सोय त्यानं आपल्या भागात ठेवलेली नाही.

त्या पोराला मी शेवटी हे सांगितलं: गुडघे ठीक आहेत आणि सकाळी तासच मिळतो ना, मग दसऱ्याला बूट घे. दिवाळीपर्यंत आठवड्यातून तीनदा पळ. पहिले पंधरा दिवस दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं. उरलेल्या पैशांना हात लावू नको. नोव्हेंबरात दोन रविवार माझी जुनी सायकल घेऊन जा, आणि तरीही घ्यावीशी वाटली तर हुरड्याच्या दिवसांत आपण दोघं दुकानात जाऊ. तो म्हणाला, "पण दादा, दसऱ्याचा मुहूर्त?" मी म्हणालो, बुटांना आपट्याचं पान वाहा. तो हसला. सायकल कधी देताय, हे मात्र त्यानं बसमधून उतरायच्या आत दोनदा विचारलं. देणार आहे, मागच्या चाकातला सराटा निघाला की.