पीएचडी तळ्यावर करायची की माणसाच्या आजारांवर? दोन्ही बाजू बघून ठरवा

झूऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी नाहीतर एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये एमएस्सी झालीय, नेटचा (प्राध्यापकी आणि संशोधनाच्या फेलोशिपसाठीची परीक्षा) अभ्यास चालू आहे आणि पुढे कशात शिरायचं यावर अजून तळ्यात-मळ्यात चाललंय, अशी मुलं-मुली दरवर्षी भेटतात. घरचे म्हणतात मेडिकल रिसर्च कर, त्यात नाव आहे, नोकरी आहे, आणि पोरीला मनातून धरणाच्या काठावर जाऊन पाणी तपासायचं असतं. मला स्वतःला तळ्यांचं काम जास्त जवळचं आहे हे आधीच सांगते, पण दुसऱ्या बाजूचं जे चांगलं ते चांगलंच म्हणणार आहे.

पहिलं बघा की प्रयोग कसा होतो, कारण पुढची पाच वर्षं तुम्हाला तेच करायचंय. आजारांच्या बाजूला एका प्लेटमध्ये ९६ खळगे असतात, सगळ्यांत त्याच पेशी, अर्ध्यांत औषध घातलं अर्ध्यांत नाही, चुकलं तर पुढच्या आठवड्यात परत. माणसांवरच्या चाचणीत सुद्धा चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडता येतात, कुणाला खरं औषध मिळालं ते पेशंटलाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही. तळ्याचं तसं करणार कसं? दोन तळी सारखी नसतात, आणि एकाच तळ्याचे दोन पावसाळे पण सारखे नसतात.

म्हणून तळ्यावाल्यांनी वेगळीच वाट काढली. कॅनडात ओंटारिओमध्ये १९६८ पासून ५८ छोटी तळी फक्त संशोधनासाठी राखून ठेवली, आणि १९७३ मध्ये तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या टीमने २२६ नंबरच्या तळ्याच्या अरुंद कमरेत पडदा लावून त्याचे दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, एकाच बाजूला वरून फॉस्फरसही टाकला. तीच बाजू हिरवीगार झाली. वरून काढलेला तो फोटो बघाच, एक बाजू शेवाळलेली आणि दुसरी तशीच काळी-निळी. तळी अशी शेवाळतात त्यात दोष कार्बनचा की फॉस्फरसचा यावर तेव्हा जोरदार भांडण चालू होतं, आणि डिटर्जंटमधलं फॉस्फेट कमी करा म्हणणाऱ्यांच्या हाती हा मोठा पुरावा आला. एकच तळं, एकच पडदा. औषधाच्या चाचणीत एका पेशंटवरून कुणी काही मान्य करणार नाही, इथे मात्र अख्खं तळं हाच प्रयोग असतो आणि तो पटतो. तुम्हाला हे पटतं का, का अस्वस्थ वाटतं, ते स्वतःला विचारा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

वेळेचं गणित पण उलटसुलट आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन तळ्यात जाणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ मध्ये टप्प्याटप्प्याने वळवलं आणि पाणी कसं सुधारतंय ते तळ्यांचे अभ्यासक एडमंडसन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं मोजत राहिले. पीएचडीत तुम्हाला तीन, फार तर चार पावसाळे मिळतात, एक हुकला की वर्ष गेलं. मेडिकलमध्ये प्रयोग भराभर होतात पण लॅबमधली गोष्ट पेशंटपर्यंत जायला फार वर्षं आणि फार माणसं लागतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टी उपचाराला (पेशंटच्याच रक्तातल्या पेशी बदलून त्यांना कॅन्सरशी लढायला लावतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, भारतात तयार झालेली ती अशी पहिलीच थेरपी, आणि रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी केवढी मोठी गोष्ट आहे ती. पण तिच्यामागे किती जणांचे हात आहेत ते बघा. मोठ्या टीममध्ये आपला छोटासा भाग मन लावून करणं ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी ते काम सोन्यासारखं आहे.

पैशाचं सरळ सांगते. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, दोन्हीकडे सारखीच, २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं. सीएसआयआर नेटचा लाइफ सायन्सचा पेपर पण तोच, त्यात इकॉलॉजी हा एक भाग, शिवाय मेडिकलकडे जाणाऱ्यांना आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) वेगळी परीक्षा असते. फरक पडतो पीएचडीनंतर. मेडिकलसाठी पुण्यातच विषाणूंवरची एनआयव्ही, पेशींवरची एनसीसीएस, विज्ञान संस्था आयसर, खारघरला कॅन्सर संशोधनाचं अॅक्ट्रेक, परळला प्रजनन आरोग्याची संस्था, वर लस आणि औषध कंपन्या. तळ्यांसाठी नागपूरची पर्यावरणावरची नीरी, माशांवर काम करणाऱ्या वर्सोव्याची सीआयएफई आणि बराकपूरची सीआयएफआरआय, पर्यावरणावरचीच बंगळूरची एट्री, झूऑलॉजिकल सर्व्हेचं पुण्यातलं केंद्र, बाकी कॉलेजची प्राध्यापकी आणि ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल, करणाऱ्या कन्सल्टन्सी. जागा कमी आहेत. घरची जबाबदारी अंगावर असेल आणि लगेच पगार हवा असेल तर मी मेडिकलच सांगेन.

खर्च मात्र उलटा. पाणी किती नितळ ते बघायची २० सेंटीमीटरची सेकी डिस्क, प्लँक्टनची (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) जाळी, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या डीओच्या बाटल्या आणि एक बरा मायक्रोस्कोप एवढ्यावर तळ्याचं पुष्कळ काम होतं. पेशींच्या लॅबमध्ये रीएजंट बाहेरून येतात, मायनस ऐंशीचा फ्रीजर बंद पडला तर सगळे नमुने गेले, आणि ग्रँट लांबली की काम थांबतं.

परवानग्यांची कटकट दोन्हीकडे आहे. माणसांवर काम म्हणजे एथिक्स कमिटी, कन्सेंट फॉर्म, चाचणी असेल तर सीटीआरआयवर (औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी, आणि हे असायलाच पाहिजे. धरणावर जलसंपदा, कधी वनखातं, कधी महापालिका, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे मच्छीमार सोसायटी. त्यांच्याशी आधी बोला, होडी पण त्यांचीच आणि कुठल्या महिन्यात पाणी कुठे फिरतं हे पण त्यांनाच माहीत. मुलींनी बाथरूमची सोय, सोबत आणि लाइफ जॅकेट हे तिन्ही गाईडकडे ठासून मागावं, लाजू नये. मेडिकलमध्ये उन्हाचा त्रास नाही पण उंदीर मारावे लागू शकतात, काहींना ते शेवटपर्यंत जमत नाही.

आता माझं मन तळ्याकडे का ओढतं ते. लिम्नॉलॉजीच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या शास्त्राच्या, पुस्तकांतलं बरंचसं ज्ञान विस्कॉन्सिनच्या मेंडोटासारख्या, हिवाळ्यात गोठणाऱ्या तळ्यांवरून आलंय. आपल्याकडे गोड्या पाण्याची नैसर्गिक तळी फार थोडी, आहेत ते बहुतेक धरणांचे जलाशय, उजनी घ्या नाहीतर जायकवाडी, मे महिन्यापर्यंत पाणी खूप खाली जातं आणि पावसाळ्यात परत वर येतं. गोठणाऱ्या तळ्याचे नियम इथे जसेच्या तसे लागू पडतील कसे? नवीन काही सापडायला इथे जागाच जागा आहे.

आणि ज्यांना दोन्ही सोडवत नाही त्यांच्यासाठी मधली वाट खरंच आहे. नारू आठवतो का, नसेल तर आजीला विचारा. पायातून दोन-तीन फुटांचा जंत बाहेर यायचा. त्याच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीकशा जिवाच्या पोटात असायच्या आणि पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलं की आपल्या पोटात. औषध नाही, लस नाही, तरी पाणी कापडाने गाळून, विहिरींची सोय बदलून, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं रसायन टाकून तो संपवला, भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा आणि २००० मध्ये डब्ल्यूएचओने देश नारूमुक्त म्हणून जाहीर केला. पुढे कॉलऱ्याच्या अभ्यासक रिटा कोलवेल यांच्या टीमने बांगलादेशच्या खेड्यांत जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला लावलं, कारण कॉलऱ्याचे जंतू अशाच बारीक जिवांना चिकटलेले असतात, आणि कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला.

उलटी गोष्ट पण आहे, माणसांची औषधं पाण्यात गेली की काय होतं त्याची. कॅनडातल्याच २६० नंबरच्या तळ्यात २००१ ते २००३ गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन टाकलं, लिटरला फक्त पाच-सहा नॅनोग्रॅम, आणि तिथल्या फॅटहेड मिनो माशांची संख्या कोसळली. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक सापडलं, २००७ मध्ये ते छापून आलं. अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू अशा पाण्यात कसे वाढतात हा प्रश्न मेडिकलचा म्हणा की तळ्याचा, काम दोघांनी मिळूनच करावं लागणार.

या मधल्या वाटेला जायचं असेल तर दोन गाईड घ्या, एक मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीतले आणि एक पाण्यावर काम करणारे, आणि दोघांची गाठ रजिस्ट्रेशनच्या आधीच घालून द्या. स्टॅटिस्टिक्स आणि त्यासाठीचं आर (R) नावाचं सॉफ्टवेअर आजपासूनच शिकायला लागा, तिन्ही वाटांवर लागतं. आणि कुणाकडेही नाव नोंदवण्याआधी त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन विचारा, मागच्या पावसाळ्यात सॅम्पलिंगला गाडी वेळेवर मिळाली होती का, किंवा रीएजंट नाही म्हणून किती महिने बसून काढावे लागले.